कोयनेच्या रानात उंदरांना विष घालावं का?

सातारा जिल्ह्यात बामणोलीच्या पुढे, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला होमस्टे चालवणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. स्वयंपाकघरामागे उंदीर फार झालेत आणि घराला लागूनच रान आहे. न्यूझीलंडमध्ये हेलिकॉप्टरमधून विष टाकून जंगलातले उंदीर संपवतात आणि त्यामुळे पक्षी वाचतात, असा एक व्हिडिओ त्यानं पाहिला. तो विचारतो, "आपल्याकडंही उंदीर पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातच असणार. मग घरामागच्या रानात विषाच्या वड्या टाकून आम्हीच सुरुवात केली तर जंगलाचं भलं होईल ना?"

हेतू चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पण आधी सरळ उत्तर: रानात एकही वडी टाकू नका. तुमच्या मागची जागा कोयना अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर तो गुन्हाही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३२ नुसार अभयारण्यात वन्यजीवांना इजा होईल असं रसायन वापरायला बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी माझं उत्तर हेच राहील. त्याचं कारण तुमच्या मागच्या रानात राहणारा उंदीर कोण आहे, यात आहे.

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ खोटा नाही. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं आणि किनाऱ्यावरचे सील सोडले, तर स्थानिक सस्तन प्राणीच नव्हते. तिथले शिकारीही पक्षीच, आणि पक्षी शिकार करतो ती डोळ्यांनी. म्हणून तिथल्या पाखरांचा बचाव एकच: रंग मातीसारखा, पानासारखा ठेवायचा आणि धोका आला की हलायचं नाही. रात्री वासावर येणाऱ्या उंदरापुढं हा बचाव काही कामाचा नाही. अंड्यावर गप्प बसून राहिलेलं पाखरू उंदराला आयतंच सापडतं. साधारण तेराव्या शतकात माओरी लोकांबरोबर पॅसिफिक बेटांवरचा लहान उंदीर तिथं पोचला. अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपीय जहाजांतून मोठा तपकिरी उंदीर उतरला आणि एकोणिसाव्या शतकात झाडावर सराईतपणे चढणारा काळा उंदीर पसरला. सगळ्यांत जास्त घात या तिसऱ्यानं केला, कारण उंचावरची घरटीही त्याच्या तावडीतून सुटली नाहीत.

तिथल्या बिग साउथ केप नावाच्या बेटाची हकीकत उंदरांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं काळा उंदीर पोचला. समुद्रपक्ष्यांची पिल्लं धरायला दरवर्षी माणसं होड्या घेऊन त्या बेटावर जात, त्यातूनच बहुधा तो उतरला. १९६४ पर्यंत बेटावर उंदरांचं राज्य झालं होतं. उंदरांमुळं एवढं होऊ शकतं हे तेव्हा कित्येक जाणकारांनाही पटत नव्हतं. वन्यजीव खात्यातल्या काही माणसांनी मात्र धावपळ करून सॅडलबॅक नावाचे ३६ पक्षी पकडले आणि शेजारच्या उंदीर नसलेल्या बेटांवर नेऊन सोडले. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची ती जात आज शिल्लक आहे ती त्या ३६ पाखरांमुळं. बुश रेन नावाची चिमुकली पाखरं आणि तिथली पाणलावी नाही वाचली. एका वटवाघळाची जातही तिथंच संपली. पुढं २०१६ साली न्यूझीलंड सरकारनं २०५० पर्यंत देशातून उंदीर आणि इतर उपरे शिकारी प्राणी हटवायचं जाहीर केलं, त्यामागं असा सगळा इतिहास आहे.

ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटाचंही तेच. १९१८ साली मकांबो नावाचं जहाज तिथं खडकाला लागलं, काळे उंदीर उतरले आणि पुढच्या काही वर्षांत फक्त त्याच बेटावर राहणारे पाच प्रकारचे पक्षी जगातून नाहीसे झाले. शेवटी २०१९ साली त्या बेटावर विष घालून उंदीर संपवण्याची मोहीम झाली. तेव्हा काय केलं ते नीट वाचा: वूडहेन नावाचा, न उडणारा दुर्मीळ पक्षी विष खाऊन मरू नये म्हणून आधी पकडून पिंजऱ्यांत सुरक्षित ठेवला, आणि विषाचा धोका संपल्यावर परत सोडला. बेट केवढं? साडेचौदा चौरस किलोमीटर. भोवती समुद्र. एकदा उंदीर संपला की नवा यायचा तो फक्त जहाजातून.

आता मकांबोवरून उतरलेला तो काळा उंदीर मूळचा कुठला, ते बघा. त्याचं मूळ घर म्हणजे आपला भारतीय उपखंड. धान्याबरोबर, गलबतांबरोबर तो इथून पश्चिमेकडं गेला आणि तिथून युरोपच्या जहाजांतून जगभर. म्हणजे न्यूझीलंडला जो उपरा, तो आपल्याकडं घरचाच आहे. आपल्याकडं जहाजातून आलेला म्हणावा तो मोठा तपकिरी उंदीर, तो मुख्यतः मुंबईसारख्या बंदराच्या मोठ्या शहरांतला. त्याचं तोंड बोथट, कान लहान आणि शेपूट अंगापेक्षा आखूड असतं. तुमच्या माळ्यावर, कौलांवर धावणारा लांब शेपटाचा, मोठ्या कानांचा घरउंदीर तो नव्हे, तो हा काळा उंदीर.

घरचा म्हणजे निरुपद्रवी, असं मला म्हणायचं नाही. मिझोरममध्ये साधारण ४८ वर्षांनी बांबू एकदम फुलतो, बियांचा खच पडतो, उंदीर बेसुमार वाढतात आणि बिया संपल्या की शेतात घुसतात. १९५९ साली त्यापायी दुष्काळ पडला, २००७ च्या सुमारास पुन्हा तेच झालं. ते सगळे उंदीर तिथलेच होते. आपल्या रानातला उंदीरही अंडं मिळालं तर खातो. पण इथली पाखरं उंदीर, साप, मुंगूस, उदमांजर यांच्यातच लाखो वर्षं वाढलीत. धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते. तांबटाची ढोली त्याच्या अंगापुरती असते. रानकोंबडी जमिनीवरच अंडी घालते, पण झुडपाखाली झाकून, आणि तिची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच पळू लागतात. बेटावरच्या पाखरांना हे शिकायची वेळच आली नव्हती.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितो आहे, त्याच्याकडं येतो. तुमच्या मागच्या रानात एक उंदीर असा असू शकतो, ज्याचं शास्त्रीय नावच साताऱ्यावरून पडलंय: रॅटस सातारी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशभर सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी केली, तिच्यात सातारा जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरून त्याचे नमुने गेले. ब्रिटिश म्युझियममधल्या मार्टिन हिंटन यांनी १९१८ साली त्याचं वर्णन छापलं. मकांबो लॉर्ड हाव बेटाच्या खडकाला लागलं, त्याच वर्षी. हिंटन यांनी त्याला काळ्या उंदराची पोटजात मानलं आणि पुढं जवळजवळ शतकभर तो तसाच गणला गेला. २०११ साली जनुकीय अभ्यासातून ठरलं की ही स्वतंत्र जात आहे. हा जगात फक्त पश्चिम घाटात सापडतो: आपल्याकडचा घाटमाथा, कर्नाटकातला कोडगू, तमिळनाडूतली निलगिरी, अशा तुकड्यातुकड्यांत. धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे तुम्हाला वाचवायच्या प्राण्यांच्या यादीत हा उंदीरही घालायला हवा.

तो राहतो दाट सदाहरित रानात. आपल्याकडं अंजनी, जांभूळ, पिसा यांची एकमेकांत गुंतलेली झाडी असते तिथं. आणि राहतो मुख्यतः झाडावर. घराजवळ धरलेला उंदीर पिंजऱ्यातून सुटला की जमिनीलगत, आडोशाआडोशानं पळतो. रानात धरलेला हा प्राणी दार उघडलं की दोन उड्यांत खोड गाठतो आणि शेपूट तोल सांभाळायला एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवत सरळ वर जातो. केस मऊ, पाठ तपकिरी, पोट स्वच्छ पांढरं, शेपूट डोक्यासकट अंगापेक्षा बरंच लांब. हातात घेतला की घरउंदराचा तो उग्र वासही कमी जाणवतो. पण नुसतं पोट पांढरं दिसलं म्हणून सातारी, असा निष्कर्ष काढू नका. काळ्या उंदराचाही पांढऱ्या पोटाचा प्रकार पश्चिम घाटात आहे आणि दोघांतला फरक खात्रीनं सांगायला कवटी किंवा जनुकं तपासावी लागतात. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्यालाही फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही. मग विषाच्या वडीला काय कळणार?

साताऱ्याच्या बाहेरचंही एक उदाहरण देतो, कारण ते जवळचं आहे. पुणे जिल्ह्यात सिंहगडावर कोंडाणा उंदीर आहे. १९७५ साली त्याचं वर्णन झालं आणि बराच काळ तो फक्त त्या एका गडावरूनच ठाऊक होता. गडावर भजी-पिठल्याच्या टपऱ्या, खाली पडलेलं खरकटं, मोकाट कुत्री-मांजरं आणि त्यातच हा जगातला अतिशय दुर्मीळ प्राणी. तिथं कुणी उंदीर झाले म्हणून औषध मारलं तर काय होईल, ते सांगायला नको.

आता विषाचं बोलू. बाजारात मिळणाऱ्या रंगीत वड्यांत बहुतेक ब्रोमॅडिओलोन असतं. त्यानं शरीरातला 'के' जीवनसत्त्वाचा वापर बंद पडतो, रक्त गोठत नाही, आणि उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. पण लगेच नाही. काही दिवस जातात, आणि तेवढ्या दिवसांत तो वडी खातच राहतो. शेवटी सुस्त होतो, दिवसाढवळ्या उघड्यावर येतो, पळत नाही. घुबडाला, उदमांजराला, धामणीला यापेक्षा सोपं भक्ष्य कुठलं? त्याच्या यकृतात साठलेलं विष मग त्यांच्या पोटात जातं. दुसरं औषध झिंक फॉस्फाइड, काळपट राखाडी पूड, लसणासारख्या वासाची. पोटातल्या आम्लाशी मिळून त्यातून फॉस्फीन वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही, हे घरात लहान पोरं असणाऱ्यांनी विसरू नये.

न्यूझीलंडला हेलिकॉप्टर चालतं, कारण खाली विषाचं दाणं खाणारा स्थानिक सस्तन प्राणीच नाही. तरीही किआ नावाचे डोंगरी पोपट त्यात मेलेत आणि त्यावरून तिथं वाद झालेत. आपल्या रानात तीच गोळी कोण खाईल? शेकरू खाईल, साळिंदर खाईल, रानडुक्कर, पिसोरी, वानर खाईल. जंगल वाचवायला निघालात आणि शेकरूच्याच तोंडात विष गेलं, अशी गत होईल. वूडहेन पकडून ठेवता आले, कोयनेतली शेकरं पकडून ठेवणार आहोत का? सह्याद्री व्याघ्र प्रकल्प म्हणजे कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि त्यांच्याभोवतीचा बफर पट्टा मिळून ११०० चौरस किलोमीटरच्या वर आहे, आणि त्याच्याभोवती समुद्र नाही. गावं आहेत, भातखाचरं आहेत, खाली कराड-वाळवा-शिराळ्याचा ऊस आहे. एका टप्प्यातले उंदीर मेले की शेजारून नवे येतात. उंदराच्या मादीला पिल्लं व्हायला तीन आठवडे पुरतात आणि तीन-चार महिन्यांत ती पिल्लंही वितात. घुबडाची जोडी मेली तर ती जागा भरायला वर्ष-दोन वर्षं जातात. विष टाकल्यावर दोन महिने शांत, मग आधीपेक्षा जास्त उंदीर, हे मी अनेक गावांत पाहिलंय, आणि दरवेळी लोक दुकानात जाऊन आणखी जहाल औषध मागतात.

ऊसवाल्यांचा विषय वेगळा आहे, थोडक्यात सांगतो. शेतातली लहान घूस आणि काळा उंदीर ऊस, भुईमूग, शाळू यांचं खरोखर मोठं नुकसान करतात. तिथं बिळात खोलवर आमिष घालून, आधी दोन-तीन दिवस बिनविषाचं दाणं चारून, सगळ्या शिवारानं एकाच आठवड्यात उपाय केला तर मी त्याला विरोध करणार नाही. पण तिथंही पक्ष्यांना बसायला थांबे लावणं, धामण न मारणं आणि तोडणीच्या वेळी सापडलेली रानमांजराची पिल्लं बिबट्याची समजून गावात न आणता तिथंच ठेवणं, यानं जास्त काम होतं. आई रात्री येऊन पिल्लं घेऊन जाते. नागाला पुजणाऱ्या शिराळ्याच्या शेतकऱ्याला सापाचं मोल मी काय सांगणार.

तुमच्याकडं वळतो. तुमचा उंदीर रानातून आलेला नाही, तो तुमच्या खरकट्यावर वाढलेला आहे. बामणोली-तापोळ्याकडं गेल्या काही वर्षांत तंबू, होमस्टे, चुलीवरच्या जेवणाची हॉटेलं वाढली. रात्री उरलेला भात, मटणाची हाडं, भाकरीचे तुकडे मागच्या घळीत टाकले जातात. त्यावर घरउंदीर पोसला जातो, उंदरासाठी म्हणून मांजर पाळलं जातं, मांजराची चार होतात, आणि ती रात्री रानात शिरतात. खरकट्यावर कुत्री जमतात तीही रानात जातात. तुम्हाला उपरा शिकारीच शोधायचा असेल, तर तो हा: पाळीव मांजर आणि मोकाट कुत्रा. रातव्याची अंडी, रानकोंबडीची पिल्लं, सरडे, रानउंदीर, सगळं त्यांच्या तोंडी जातं, आणि वर त्यांना घरी जेवणही मिळतं, म्हणून रानातलं भक्ष्य कमी झालं तरी त्यांची संख्या घटत नाही.

म्हणून पहिलं काम खरकट्याचं. घट्ट झाकणाचं पत्र्याचं पिंप घ्या, प्लास्टिकचं नको, ते कुरतडलं जातं. ओला कचरा खड्ड्यात घालून रोज संध्याकाळी, पाहुणे जेवून उठले की लगेच, वर मातीचा थर द्या. सकाळवर ठेवलं तर रात्रभर उंदरांची पंगत बसते. कोंबड्यांचं दाणं रात्री उघड्यावर राहू देऊ नका, उंदीर येण्याचं हे फार मोठं कारण असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

मग घर बंद करायचं. दिवसा एकदा अंधाऱ्या खोलीत उभं राहा आणि बाहेरचा उजेड कुठून दिसतो ते पाहा. अंगठा जाईल एवढ्या भोकातून उंदराचं पिल्लू सहज येतं. भिंतीतली भोकं सिमेंटमध्ये काचेचे तुकडे किंवा तारेची जाळी घालून बुजवा. मोऱ्यांना आणि झरोक्यांना पाव इंची लोखंडी जाळी लावा, नायलॉनची टिकत नाही. दाराखाली फट असेल तर पत्र्याची पट्टी ठोका. छपराला टेकलेल्या फांद्या निदान सहा फूट मागं छाटा, कारण हा उंदीर जमिनीपेक्षा फांदीवरून जास्त येतो. गवताची गंजी आणि लाकडाचा ढीग भिंतीपासून लांब न्या. धान्याची कोठी खांबांवर असेल तर खांबांना कमरेएवढ्या उंचीवर गुळगुळीत पत्र्याची पट्टी गुंडाळा. लक्षद्वीपला आणि इतर नारळाच्या मुलखात हीच युक्ती खोडावर करतात, कारण तिथंही उंदीर शेंड्यावरचे कोवळे नारळ पोखरतो.

एवढं झाल्यावर आत जे राहतील त्यांच्यासाठी झटक्याचे सापळे, भिंतीला काटकोनात, आणि फक्त घराच्या आत. शेंगदाण्याचा कूट गुळात मळून लावला की पुरतो. बाहेर झटक्याचा सापळा लावू नका, त्यात खार, चिचुंद्री, कधी पाखरूही सापडतं. फारच झाले आणि विष टाळता येईना, तर वडी कुलूपबंद पेटीत, घराच्या आतच ठेवा, रोज सकाळी मेलेले उंदीर शोधा, हातमोजे घालून उचला आणि दोन फूट खोल पुरा. उकिरड्यावर फेकू नका.

एक सवय मात्र आजपासूनच मोडा. पिंजऱ्यात सापडलेला घरउंदीर दयेपोटी रस्त्यापलीकडं रानात नेऊन सोडायची पद्धत आपल्याकडं सर्रास आहे. त्यात दया नाही. माणसाच्या घरात वाढलेला प्राणी अनोळखी रानात बहुतेक मरतो, आणि जगला तर घरातले रोग आणि पिसवा रानउंदरांपर्यंत नेतो. बिग साउथ केपच्या होड्यांनी जे केलं, त्याच जातीचं हे कृत्य आहे.

घराच्या रानाकडच्या कोपऱ्यात लावलेल्या पिंजऱ्यात मऊ केसांचा, पांढऱ्या पोटाचा, लांब शेपटाचा उंदीर आला तर त्याला मारू नका. पाठीचा, पोटाचा, कानाचा आणि शेजारी मोजपट्टी धरून शेपटीचा फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा, आणि जिथं सापडला तिथल्याच झाडाच्या बुंध्याशी सोडा. ते फोटो तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात दाखवा. छोट्या सस्तन प्राण्यांच्या अशा नोंदी आपल्या भागातून फार थोड्या आहेत.

आणि वेळ धरा. पहिल्या मोठ्या पावसात बिळांत पाणी शिरलं की सगळे उंदीर कोरड्या जागेकडं, म्हणजे तुमच्या घराकडं येतात. जाळ्या, पट्ट्या, फांद्या छाटणं, गंजी हलवणं हे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकून घ्या, आणि शेजारच्या दोन-तीन होमस्टेवाल्यांनाही त्याच आठवड्यात करायला लावा, नाहीतर तुमच्याकडून निघालेले उंदीर त्यांच्याकडं जातील आणि पाऊस ओसरला की परत येतील.